धुंडूकाकांची दुपारची लाईन

आमचे घरमालक धुंडूकाका रोज दुपारी जेवण झालं की हातपाय धुतात, सोवळं नेसतात, पाटासमोर मांडी घालून बसतात आणि किंचाळतात. खरं म्हणजे किंचाळतो तो पाटावर ठेवलेला मोडेम, फोनच्या तारेवरून दोन कॉम्प्युटरची गाठ घालणारा जुना डबा. पण तो किंचाळायच्या आधी काका त्याला सूर काढून देतात, त्यामुळे पहिले काही दिवस खाली नेमकं कोण ओरडतंय ते मला कळतच नव्हतं. आधी एक लांबलचक 'टूंऽऽ', मग दातांतून कळ जाईल अशी 'कींऽऽ', आणि शेवटी घशात पाणी घेऊन गुळण्या कराव्यात तसं 'खर्रऽऽ'. त्या वेळी गल्लीतला तांबडा कुत्रा मान वर करून रडायला लागतो. दुर्गाघाटाकडे चाललेले यात्रेकरू थबकतात, आत कसलं तरी उग्र अनुष्ठान चालू आहे असं समजून उंबऱ्याला हात लावतात आणि पाय उचलून पुढे जातात.

मी मूळची अमरावतीची. रेल्वेत सिग्नल आणि टेलिफोनच्या तारा सांभाळते. पाळी बहुतेक रात्रीची, म्हणजे माझी झोप दुपारची. बनारसमध्ये मराठी घर मिळालं, घरमालक वेदमूर्ती, एकटे, सज्जन, वरची खोली हवेशीर. एवढं चांगलं काही आपल्याला फुकट मिळत नसतं, हे मला पहिल्याच दुपारी त्या किंकाळीनं समजावलं.

चार-पाच दिवस सहन केलं, मग मी तणतणत खाली गेले. खोलीत धूप कोंडला होता. बाहेर पौषातलं धुकं भर दुपारी गल्लीत उतरलेलं, त्यामुळे आत उजेड होता तो फक्त एका फुगीर काचेच्या पडद्याचा. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. कॉम्प्युटर हळदीत बुडवून काढल्यासारखा पिवळा पडला होता. शेजारी पाटावर मोडेम, त्याच्या डोक्यावर तुळशीचं पान, आणि भोवती चक्क रांगोळीची रेघ.

"बस, पण शिवू नकोस," काका म्हणाले. "आणि बोलू पण नकोस. तिकडून उचलतोय."

"कोण उचलतंय?"

"दिगंबर. माझा जोडीदार. बालाजी घाटावर असतो."

"मग काका, मोबाईलवर बोला ना. हल्ली कोण..."

"मोबाईलवर दिगंबर येत नाही," काका म्हणाले, आणि त्यांनी पडद्याकडे तोंड फिरवलं.

मोबाईलचा तिटकारा असलेले म्हातारे मी पुष्कळ पाहिलेत. बालाजी घाटावर असाच आणखी एक असेल, दोघांचं जमलं असेल, असं मला वाटलं. संध्याकाळी दूध आणायला गेले तेव्हा सहज दूधवाल्याला विचारलं, की हे दिगंबर गुरुजी कुठले? त्यांनाच जाऊन सांगते, तुमच्या दोस्ताला जरा समजवा म्हणून.

दूधवाल्याचं माप हवेतच राहिलं. "दिगंबर गुरुजी? वो तो दो जाड़ा पहले गुजर गये, बिटिया. माताजी बेटी के पास जबलपुर चली गयीं. घर पे ताला पड़ा है."

मी दूध घेऊन घरी आले. तारांच्या बाबतीत मी भूतबित मानत नाही. माझ्या नोकरीत जो मानतो त्याला आम्ही रजेवर पाठवतो. पण जिना चढताना मला एक साधा प्रश्न पडला, आणि तो काही केल्या सुटेना. मोडेमला मोडेमच उत्तर देतो. दोन्हीकडे वीज लागते. मग दोन हिवाळ्यांपूर्वी गेलेल्या माणसाच्या त्या कुलूप लावलेल्या घरात फोन उचलतं कोण?

त्या दिवसापासून दुपारी झोप लागेना तेव्हा मी खाली जाऊन बसू लागले. काकांनी मला हळूहळू जवळ बसू दिलं. मला ते 'सिग्नलबाई' म्हणत. त्यांच्या तोंडी दोन वाक्यं कायम. मोडेमनं जरा चुकीचा आवाज काढला की "स्वर चुकला!", आणि लाईन पडली की "पुन्हा पहिल्यापासून!" वेदपाठशाळेत विद्यार्थ्यांना आयुष्यभर संथा दिलेला माणूस. गुरूनं एकदा म्हणायचं, शिष्यानं दोनदा म्हणायचं, चुकला की ऋचा परत पहिल्यापासून. मोडेमलाही त्यांनी तीच शिस्त लावली होती. "आधी ह्यानं म्हणायचं, मग त्यानं. दोघांचं जुळलं की मगच पुढं. अगं, हे तर आमचंच आहे सगळं. ह्यांनी नवीन काय काढलं?"

ती यंत्रं आली कशी, हेही त्यांनीच सांगितलं. इंदूरचे एक मराठी इंजिनियर निवृत्त होऊन काशीवासाला आले होते. देवादिकांपेक्षा कॉम्प्युटरवर जीव जास्त. एक यंत्र माडीवर, एक तळघरात, आणि माडीवरून तळघराला फोन लावून स्वतःशीच पत्रव्यवहार. ते गेले तेव्हा क्रिया धुंडूकाका आणि दिगंबरकाका या जोडीनं केली. शय्यादानाची वेळ आली. गेलेल्या माणसाची गादी, उशी, छत्री, चपला, जे जे त्याला आवडायचं ते ब्राह्मणाला द्यायचं असतं. मुलगा भाबडा. त्यानं विचारलं, बाबांना सगळ्यात जास्त आवडायचे ते कॉम्प्युटर, ते द्यायचे का?

"गल्लीत कोणी हात लावेना," काका म्हणाले. "मेलेल्याचं मन त्यात गुंतलेलं असतं म्हणतात. आम्ही म्हटलं, गुंतू दे. एक मी उचललं, एक दिगूनं. दोघं हातगाडीवर घालून घेऊन आलो. कुत्री मागे लागली होती."

मग दोघं शिकले. कोणाकडून, ते काका सांगत नसत. बहुधा चुकत चुकत. आणि सुरू झाला दुपारचा पाठ. दोघं लहानपणापासून एकाच गुरूकडे, जन्मभर जोडीनं म्हणत आलेले. आता गुडघे गेले, घाटाच्या पायऱ्या चढवेनात, म्हणून तारेवरून. धुंडूकाका तोंडानं म्हणत म्हणत अर्धी ऋचा रोमन अक्षरांत टंकायचे, तिकडून दिगंबरकाका उरलेली अर्धी पाठवायचे. टंकलेला वेद चालतो का यावर दोघांनी बरेच दिवस वाद घातला होता, तोही टंकून.

"आणि आता?" मी विचारलं. ते गेले हे मला माहीत आहे, एवढंच त्या प्रश्नात होतं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "दिगू गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सवयीनं नंबर लावला. नुसती घंटी. रोज लावायचो, रोज घंटी. घरी कोणी नाही, वहिनी जबलपूरला गेल्या, मालूम होतं मला. त्याचं पहिलं मासिक श्राद्ध झालं. त्यानंतर एका दुपारी लावला, आणि त्यानं उचलला."

तांबडा कुत्रा बाहेर कण्हला. मी म्हटलं, "काका, मशीन कोणीतरी चालू ठेवलं असेल."

"कोणी? कुलूप आहे."

"मग उचलून... बोलतात काय ते?"

"बस आणि बघ."

मी पाहिलं. काकांनी नंबर लावला, सूर काढला, मोडेम किंचाळला, पलीकडचा किंचाळला, दोघांचं जुळलं. पडद्यावर जोडणी झाल्याचं लिहून आलं. काकांनी पुटपुटत अर्धी ऋचा टंकली. मग त्यांनी हात मांडीवर ठेवले, मागे भिंतीला टेकले आणि डोळे मिटले. आणि पडद्यावर अक्षरं यायला लागली.

कोणी टंकत नव्हतं. काकांचे हात मांडीवर होते. तरी एक नागमोडी चिन्ह आलं, मग एक आकडा, एक महिरपी कंस, मग तीन-चार अक्षरांचा झुबका. थांबलं. परत झुबका. काकांनी डोळे उघडून ते वाचलं, मान हलवली, आणि पुढची ऋचा सुरू केली. ती संपली, ते टेकले, की परत उत्तर. ते टंकत असताना तिकडून एकही अक्षर येत नव्हतं. आपला भाग संपेपर्यंत पलीकडचं कोणीतरी सभ्यपणे थांबत होतं. 

"तुम्हाला कळतं का हे, काका?"

"दिगूचा उच्चार शेवटी शेवटी असाच झाला होता," ते म्हणाले. "दात गेल्यावर."

त्यांची अडचण वेगळीच होती. लाईन मध्येच पडायची. धुकं दाट झालं की जास्तच. आणि पाठ अर्ध्यावर तुटला की काकांचा जीव कासावीस व्हायचा. "त्याला वाटेल, धुंडू उठून गेला. जन्मात मी पाठावरून उठलो नाही गं. सिग्नलबाई, तुझ्या हातात विद्या आहे. एवढी लाईन पक्की करून दे."

म्हणजे मी झोप वाचवायला खाली आले होते आणि किंकाळी पक्की करायचं काम अंगावर घेऊन बसले.

काकांचे स्वतःचे उपाय झाले होते. माकडं तारेला लोंबकळतात म्हणून त्यांना भिववायला गच्चीवर काळतोंड्या लंगुराचं मोठं चित्र टांगलं होतं. त्याच्याच खांद्यावर आता माकडं बसत. ओल धरू नये म्हणून मोडेमला रोज धुपाचा शेक. दिशा चुकली असेल म्हणून पाट पूर्वेकडून उत्तरेकडे. सगळी लाईन मी गच्चीपासून तपासत खाली आले. गल्लीत आता सगळीकडे काचेच्या, म्हणजे फायबरच्या तारा आल्यात. तांब्याची जुनी जोडी टिकून होती ती या घराला आणि बालाजी घाटावरच्या त्या घराला. बाहेर काही दोष सापडेना. दोष सापडला खोलीच्या आत, काका टेकत त्याच भिंतीवर, खुंटीला टांगलेल्या पंच्याच्या आड. तिथे तारेला जोड होता. उघडा, आणि हिरवागार.

"काका, ह्याला काय लावता तुम्ही?"

"चिंच," काका अभिमानानं म्हणाले. "चिंच आणि मीठ. तांब्याच्या पळी-भांड्याबरोबर दर चतुर्थीला घासतो. तांबं उजळ नको? बघ कसं लखलखतं. दोन दिवसांनी परत हिरवं पडतं बेटं."

मी कपाळाला हात लावला. देवाची भांडी घासून लगेच धुतात. तार कोण धुणार? चिंच-मिठानं जोड आतून खाल्ला होता. नुसतं बोट लावलं तरी खरखर व्हायची. आणि त्या जमान्यातल्या मोडेमला चूक ओळखायची अक्कल नसते. तारेत जे खरखरेल ते अक्षर समजून तो पडद्यावर लिहून मोकळा होतो.

मी काकांना टेकायला सांगितलं. ते टेकले. पंच्याखाली जोड दबला. पडद्यावर नागमोडी, आकडा, महिरपी कंस. सरळ बसा म्हटलं. पडदा गप्प. परत टेका. परत झुबका.

त्या क्षणी मी तोंड बंद ठेवायला हवं होतं असं आता वाटतं. पण दोष सापडला की गप्प बसणारी मी नव्हे. मी जोड कापला, तार सोलली, कथलाचा नवा डाख दिला, वरून टेप गुंडाळला, आणि हात झटकत सगळं नीट समजावून सांगितलं. काकांनी ते चांगल्या विद्यार्थ्यासारखं ऐकलं. मग नंबर लावला. जोडणी झाली, अशी स्वच्छ की मला माझाच अभिमान वाटला. त्यांनी अर्धी ऋचा टंकली, भिंतीला टेकले, डोळे मिटले. पडद्यावर हिरवा चौकोन लुकलुकत राहिला. ते परत पुढे झाले, पुढची ऋचा टंकली, परत टेकले. काही नाही. मी अंगठ्याचं नख खात उभी होते.

"म्हणजे," काका म्हणाले, "माझीच पाठ मला उत्तर देत होती."

"लाईन आता पडणार नाही, काका."

"नाही ना? चांगलं झालं." त्यांनी मोडेमवरचं तुळशीचं पान उचललं, डोळ्यांना लावलं आणि यंत्र बंद केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी किंकाळी आली नाही. तिसऱ्याही नाही. मला हवी होती तशी शांत दुपार मिळाली, आणि मी टक्क जागी. खाली काका असून नसल्यासारखे. जेवण एकवेळचं झालं. पाठशाळेतही ते मुलांच्या चुका काढेनासे झाले, असं कानावर आलं, आणि त्याची मुलांनाच भीती वाटायला लागली. कुत्रा त्या वेळेला उठायचा, मान वर करायचा आणि कोणी सूर देत नाही म्हणून तसाच खाली बसायचा. मला वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त एक गोष्ट टोचत होती. अक्षरं कुठून येत होती ते मी सोडवलं होतं. पण पलीकडचा मोडेम? तो काही काकांच्या पाठीनं उचलला नव्हता.

मग एका दुपारी मी बालाजी घाटाकडे चालत गेले. धुकं असं की पंचगंगा घाटाच्या पायऱ्या वरच्या चार-दोन दिसत होत्या, बाकी नदी, नावा, पलीकडची वाळू सगळं पांढरं. खालून कुठूनतरी वल्ह्याचा आवाज येत होता, नाव मात्र दिसत नव्हती. दिगंबरकाकांचं घर एका बोळाच्या तोंडाशी. दाराला मोठं कुलूप, गंजलेलं. कडीत कोळिष्टक. वरच्या खिडकीची दारं मिटलेली. तांब्याची जुनी तार भिंतीवरून आत गेलेली.

मी दाराला कान लावला. काही नाही. मग मोबाईल काढला आणि काका रोज लावत तो नंबर लावला.

आत घंटी वाजली. एकदाच. मग खट झालं, आणि ती किंकाळी माझ्या कानात आणि त्या कुलूप लावलेल्या दारापलीकडून एकाच वेळी आली. मी हादरून मोबाईल कानापासून लांब धरला. मला पळायचं होतं, हे मी प्रामाणिकपणे सांगते.  मी फोन तोडला. आतली किंकाळीही थांबली. आणि वरची मिटलेली खिडकी बोटभर उघडली, आणि अगदी बारीक, थकलेला बाईचा आवाज आला,

"धुंडूभावजी? तुम्हीच का?"

त्या होत्या कमलकाकू. दिगंबरकाकांची पत्नी. जबलपूरला लेकीकडे गेल्या होत्या खऱ्या, पण तिथे करमेना, म्हणून महिन्याभरात गुपचूप परत आल्या होत्या. गुपचूप, कारण हॉटेलवाल्यांचे दलाल. घाटावर घर, एकटी म्हातारी, म्हणजे सकाळ-संध्याकाळ दारावर थापा. म्हणून त्यांनी पुढच्या दाराचं कुलूप तसंच राहू दिलं आणि मागच्या बोळातल्या न्हाणीच्या दारानं ये-जा ठेवली. भाजीही तोंडावरून पदर घेऊन लांबच्या बाजारातून. तेव्हापासून त्या जिवंतपणी त्या घरात भुतासारख्या राहत होत्या, आणि कोणाला पत्ता नव्हता.

त्यांनी मला मागच्या दारानं आत घेतलं. खोलीत दिगंबरकाकांचा फोटो, त्याला हार, आणि त्याखाली तोच पिवळा कॉम्प्युटर, चालू, भरतकामाच्या रुमालाखाली. समोर चटई, चटईवर कापूस आणि वळलेल्या वातींचा ढीग.

"हे जाताना म्हणाले होते, दुपारी मशीन लावत जा, धुंडू येतो," काकू म्हणाल्या. "जबलपूरहून आले, लावलं, आणि त्याच दुपारी भावजी आले. मग रोज. मी इथे बसून वाती वळते. ते काय लिहितात ते मला वाचता नाही येत गं, ती अंग्रेजी अक्षरं. पण ती हलतात. तेवढ्यात वेळ छान जातो."

"तुम्ही कधी काही लिहिलं नाही?"

"मी? त्यांचा पाठ असतो तो. मध्ये बाईमाणसानं तोंड घातलं तर लाजून यायचे बंद होतील."  त्यांचा हात कापसात तसाच राहिला. "बंद झालेच की पण. इतके दिवस मशीन लावून बसते, वाजतच नाही. मला वाटलं, गेले. विचारायला यायचं धाडस होईना. कोणी म्हणालं असतं, हो, गेले, तर मग मी दुपारी काय करणार होते?"

 दोन म्हातारी माणसं, चार गल्ल्यांचं अंतर, रोज दुपारी एकाच तारेच्या दोन टोकांना बसलेली. इकडचा समजतोय तिकडे मेलेला माणूस आहे. तिकडची समजतेय आपण बोललो तर जिवंत माणूस जाईल. मी सगळं सांगितलं. चिंच, जोड, पाठ, सगळं.

काकू पदर डोळ्याला लावून हसल्या. "चतुर्थीला घासत होते? ह्यांनीच शिकवलं असणार." मग त्या म्हणाल्या, "त्यांना सांगू नकोस अजून. मीच सांगते. मला माझं नाव तेवढं लिहायला दाखव."

मी दाखवलं. त्यांनी ते बोटानं कापसावर गिरवून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी काकांपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, नव्या जोडाची चाचणी राहिलीय, एकदा लावा. काका सोवळं न नेसताच बसले. सूरही काढून दिला नाही. मोडेम आपला एकटाच किंचाळला. जोडणी झाली. काकांनी काही टंकलं नाही. मांडीवर हात ठेवून ते पडद्याकडे पाहत राहिले.

'के' आलं.

काकांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग मागे वळून भिंतीकडे. भिंत त्यांच्या पाठीपासून हातभर लांब होती. "मी टेकलो नाहीये," ते पुटपुटले. "सिग्नलबाई, बघ, मी टेकलो नाहीये गं."

बऱ्याच वेळानं 'ए'. मग 'एम'. प्रत्येक अक्षरामागे एवढी वाट पाहायला लागे की मधे धुक्यातून घाटावरची घंटा ऐकू येई. काका ओठांनी जुळवत होते. शेवटचं अक्षर आलं, आणि ते दचकून मागे सरले.

"कमल. वहिनींचं नाव आहे हे."  "म्हणजे वहिनी पण गेल्या? जबलपूरला? आणि मला कोणी कळवलं पण नाही?" त्यांनी तोंड हातांत झाकलं आणि लहान मुलासारखे रडायला लागले. "मी तोंड दाखवायला गेलो नाही त्यांना. एकदा पण गेलो नाही. दिगू नाही त्या घरात मला पाय घालवेना. आणि आता त्यांनीच..."

"काका," मी त्यांचा खांदा धरला. सोवळंबिवळं काही मनात आलं नाही. "काकू गेल्या नाहीत. जबलपूरला पण नाहीत. घरीच आहेत, बालाजी घाटावर. रोज तुमच्यासमोर बसत होत्या."

काकांनी पडद्यावरच्या नावाला बोट लावलं. मग एकदम उठले. पंचा खांद्यावर नाही, पायात चपला नाहीत, तसेच निघाले. त्यांचे गुडघे गेलेत हे मला त्या वेळी आठवलं आणि मी दारापर्यंत धावले, पण तोवर ते गल्लीच्या वळणावर होते. तांबडा कुत्रा त्यांच्या मागे. मग धुक्यात दोघेही दिसेनासे झाले.

खोलीत मी एकटी. लाईन चालूच होती. मोडेमचा लाल दिवा लागलेला. पडद्यावर ती पाच अक्षरं आणि त्यांच्यापुढे लुकलुकणारा चौकोन. संध्याकाळ व्हायला आली तरी मला तिथून उठवेना. काका पोचले असतील का, कुलूप पाहून परत फिरले असतील का, बोळात पडले असतील का, असलं सगळं मनात येत होतं. मी न्हाणीच्या दाराचं सांगायला विसरले होते.

आणि मग पडद्यावर अक्षरं यायला लागली. भराभरा, सगळी मोठी, स्पेलिंगचा पत्ता नाही. काकांनी टंकलेलं मी पहिल्यांदाच तारेच्या या टोकाला बसून वाचत होते. काकांनी लिहिलं होतं:

'मिळालं दार. वहिनी विचारतात, भावजी रोज काय लिहायचे. पहिल्यापासून म्हणून दाखवतो आहे. उशीर होईल. लाईन तोडू नकोस.'

माझी ड्युटी होती. मी दिवा लावला, दार ओढून घेतलं आणि यंत्र तसंच चालू ठेवून निघाले.